उभ्या कपाशीचा आकडा

भाऊ, परवा तुझ्या ऑफिसची जीप येणार आहे आणि मला भीती वाटते आहे.

शाळेत फोन आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी राहून घेतला. तुझ्या टेबलावर आता बसतात ते महाजन बोलत होते. "मॅडम, तुमच्या वावरातला चौकोन तसाच आहे ना?" तसाच आहे म्हटलं. तू ठोकलेल्या चारही खुंट्या जागेवर आहेत, एक तेवढी शेजारच्या गाईने वाकवली आहे. आतली कपाशी माझ्या खांद्याला लागते. महाजन येतील, यंत्र धरतील, बोंडं मोजतील आणि मग दरवर्षी तू विचारायचास तेच विचारतील, "तुमचा स्वतःचा अंदाज काय?" त्यावर दरवर्षी मी तुला चहा विचारायचे. यंदा तसं करता येणार नाही, कारण श्रावणात तुला शब्द देऊन बसले आहे.

मी शिरपूर तालुक्यात गणित शिकवणारी बाई. वर्गात दिवसभर आकडे बोलते. पण शाळा सुटून बांधावर आले की माझ्या तोंडून आकडा निघत नाही. तुला हे माहीत होतं आणि तू त्यावरून मला भरपूर चिडवलंस. "गणिताची बाई, वावरात गेली की मुकी," म्हणायचास.

पण मी एकटी का मुकी? इथे सगळेच मुके. पीक उभं असताना ते किती येईल हे कुणी तोंडातून काढत नाही. कुणी विचारलंच तर "देव देई तितला" म्हणायचं आणि पुढे चालायला लागायचं. खळ्यावर धान्य मोजतानासुद्धा पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आपल्याच घरात तू लहानपणी पाहुण्यांसमोर गव्हाची पोती बोलून दाखवलीस आणि त्याच आठवड्यात गारा पडल्या. आईने तुला कित्येक दिवस खळ्याजवळ फिरकू दिलं नाही. मोठेपणी ही गोष्ट सांगताना तू म्हणायचास, "तेव्हाच मला कळलं, गारा माझ्या तोंडातून पडत नाहीत." मला मात्र त्या दिवशी उलटंच कळलं होतं. मी तुझ्याहून लहान होते आणि पत्र्यावरचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आणि तू नोकरी कुठली धरलीस, तर उभ्या पिकाचा आकडा सांगायची.

पहिल्या वर्षी तू जळगावहून जीप घेऊन आलास ते आठवतं. तुमच्या पिंप्राळ्याच्या घरातून निघताना वहिनीने बांधून दिलेला डबा जीपमध्येच राहिला, कारण तू आल्या आल्या वावरात घुसलास. लांब बांबूला बांधलेली एक पेटी कपाशीच्या डोक्यावर धरून उभा राहिलास, तेही भर दुपारी, कारण तुझ्या पेटीला ऊन लागायचं. सासूबाई पदर सावरत बांधापर्यंत आल्या. "हाई काय शे?" तू त्यांना समजावून सांगितलंस. हिरवं पान लाल उजेड खाऊन टाकतं आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा दुसरा एक उजेड परत फेकतं. किती खाल्ला आणि किती फेकला यावरून पानांचा भार कळतो, पानांच्या भारावरून पीक कळतं. आकाशातून जाणारा उपग्रह हेच बघतो, आणि तो बघतो ते खरं की खोटं हे खाली उभं राहून ताडायचं, हे तुझं काम. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं तेवढं विचारलं, "वरथून मी दिसस का?"

"नाही हो मावशी. तुम्ही नाही, घर नाही, बांधसुद्धा नाही. तुमचं अख्खं वावर म्हणजे चार-दोन ठिपके."

त्यांचं समाधान झालं नाही. तेव्हापासून त्या गच्चीवर जाताना डोक्यावरून पदर घ्यायला लागल्या. आणि तुझ्या चौकोनाच्या बरोबर मध्ये त्यांनी चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं काठीवर उलटं घातलं, वरच्याची नजर लागू नये म्हणून. त्या मडक्याची सावली तुझ्या पेटीत यायची. तू दरवर्षी मडकं काढून बांधावर ठेवायचास, आणि जीप वळली रे वळली की त्या ते पुन्हा लावून यायच्या. इतक्या वर्षांत तुम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत. मला तेव्हा हसू यायचं.

तुझी ती पांढरी पाटीसुद्धा. माप घेण्याआधी पेटी त्या पाटीवर धरायची असते, स्वच्छ पांढरं म्हणजे किती उजेड हे यंत्राला कळावं म्हणून. एका उन्हाळ्यात ती आमच्या माळ्यावर ठेवून गेलास. इतकी सपाट, इतकी पांढरी वस्तू! सासूबाईंनी तिच्यावर ज्वारीचे बिबडे वाळत घातले. पावसाळ्यात तू आलास तर पाटीवर गोल गोल डाग. मला वाटलं आता भाऊ चिडणार. तू बिबडा भाजून मागितलास, खाल्लास, आणि जाताना पाटी रंगवायला घेऊन गेलास.

लाल चित्राचं मात्र सगळ्यांना हसू आलं नाही. वरून काढलेलं पहिलं चित्र तू ओसरीवर पसरलंस तेव्हा घरचे सगळे वाकून बघत होते. त्या चित्रात निरोगी पीक लाल दिसतं, जितकं जोमदार तितकं लालभडक. हे तुला ठाऊक, आम्हाला कसं असणार? इथे कपाशी लाल दिसली म्हणजे पानं लाल पडून झाड वाळायचा तो रोग. सासूबाई किंचाळल्याच, "माय व! बठ्ठा वावरले लाल्या लागी गया!" तू हसत हसत समजावलंस, पण तू जीपमध्ये बसल्यावर ह्यांनी सायकल काढली आणि शिरपूरहून औषधाची बाटली आणली. दुसऱ्या दिवशी चांगल्या धडधाकट कपाशीवर फवारणी झाली. तुला कळलं तेव्हा तू कपाळावर हात मारलास.

मी ह्यांच्यावर हसले नाही, कारण त्या चित्राची मलाही भीतीच वाटली होती. रक्तासारखं लाल दिसतंय आणि माणूस म्हणतो सगळं छान आहे. तुझ्या धंद्यात भीती कशाची वाटायला हवी तेच मला कधी नीट कळलं नाही. ढगांचंही तसंच. गाव ढगांकडे डोळे लावून बसायचं आणि तू ढग जायची वाट बघायचास, ढगाखालचं वरून दिसत नाही म्हणून. "लोकांचा पाऊस थांबवायला बसलायस," असं मी म्हणाले की तू म्हणायचास, "सुशे, मी फक्त उघडायची वाट बघतो."

आपलं खरं भांडण पानावरून होतं. "पान दिसतं तुला, बोंड दिसतं का?" हा माझा प्रश्न. "पान हा कारखाना आहे. कारखाना भरला की माल येतो. बहुतेक वेळा." हे तुझं उत्तर. "आणि उरलेल्या वेळा?" यावर तू चहाचा कप उचलायचास. विषय बदलायला चहा धरायची सवय दोघांचीही होती, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

मग ते अळीचं वर्ष आलं. पाऊस वेळेवर, कपाशी पुरुषभर, तुझं चित्र असं लाल की तू स्वतः आनंदाने फोन केलास. तालुक्याचं पीक उत्तम येणार, असं तुझ्या ऑफिसने सांगून टाकलं. पानं शेवटपर्यंत हिरवीगार होती. अळी बोंडात होती. पहिल्या वेचणीला बायका रिकाम्या ओट्या घेऊन परतल्या आणि पिठाच्या गिरणीवर मी ऐकलं, "मास्तरणीना भाऊनी नजर लागनी." मी पीठ न घेताच घरी आले. त्या दिवसांत रस्त्याने जाताना मला पाठीवर डोळे जाणवायचे. वर्गातली पोरं कुजबुजली तरी वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतायत.

तू आलास. तोंड लपवून जळगावात बसला नाहीस. गावातून चालत वावरात गेलास आणि बांधावर बसून एकेक बोंड फोडत राहिलास. वरून टवटवीत, आत काळं, पोखरलेलं. "वरून तर सगळं भरलेलं दिसत होतं, सुशे," म्हणालास. तुला इतकं घाबरलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. तेव्हा वाटलं, आता तरी हा माणूस आकडा बोलायचं सोडेल. तू सोडलं नाहीस. पुढच्या वर्षापासून यंत्राच्या जोडीला चौकोनातली बोंडं हाताने मोजायला लागलास, मधूनच एखादं फोडून बघायला लागलास, आणि शेवटी वावराच्या मालकाला तो प्रश्न विचारायला लागलास. "चित्र चुकलं तर चुकलं," म्हणायचास, "पण आधी सांगायला हवं. कमी येणार हे वेळेत कळलं तर माणूस चारा राखून ठेवतो, मजुरी दुसरीकडे बघतो. गप्प राहिल्याने बोंड वाढत नाही." मी म्हणायचे, बोलल्याने तरी कुठे वाढतं? हे भांडण तसंच राहिलं.

यंदा आषाढात तू एसटीने आलास. जीप नाही, पेटी नाही, बरोबर कुणी नाही. चोपड्यावरून येणाऱ्या गाडीतून उतरताना मी तुला शाळेच्या खिडकीतून पाहिलं आणि खडू खाली ठेवला. काय ते कळायच्या आधीच मला भीती वाटली होती. तसा तू बरा दिसत होतास. गाल भरलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. मी चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होते, तू पाटावर बसलास. तू इतर वेळी माझ्याशीही साहेबी मराठी बोलायचास, मनातलं काही असलं की मात्र आईच्या बोलीवर यायचास. त्या दिवशी तसाच बोललास.

"सुशे, डाक्टरनी आकडा सांगी दिन्हा. तुले सांगू का?"

तव्यावरची भाकरी करपली. भाऊ, माझं सगळं अंग नको म्हणत होतं. आपली आई, माझी सासू, ही अख्खी पंचक्रोशी माझ्या आतून ओरडत होती की उभ्याचा आकडा काढू नकोस. पण तू माझ्याकडे बघत होतास, आणि त्या अळीच्या वर्षी बांधावर बसला होतास तसाच दिसत होतास. तू हे कुणाला तरी सांगायला इतक्या लांब आला होतास.

"सांग," म्हणाले.

"दिवाईलगून."

दिवाळीपर्यंत. पोटात गाठ आहे आणि ती काढण्यापलीकडे गेली आहे, हे त्यानंतर सांगितलंस. वरून काहीच दिसत नव्हतं. आपल्या दोघांच्याही ते लक्षात आलं.

तू ते सांगितलंस म्हणून मला श्रावण मिळाला, हे मी विसरणार नाही. वहिनीने तुला आठवडाभर इथे पाठवलं आणि मी रजा काढली. राखी बांधताना आपल्या दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे खोटं काही बोलावं लागलं नाही. बांधावर खाट टाकून तू पडून राहायचास आणि मी शेजारी गवत काढायचे. मरणाची भीती वाटते, असं तू मला त्या खाटेवर सांगितलंस. मी म्हटलं, मलाही वाटते, तुझ्याहून जास्त. मग आपण बराच वेळ हात धरून बसलो. लहानपणी पत्र्यावर गारा पडत होत्या तेव्हा बसलो होतो तसे.

पुढे तू पिवळा पडायला लागलास. डोळे, नखं सगळंच. सासूबाई "कितला सुकी गया रे तू" म्हणून आत निघून गेल्या आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. तू मुकाट्याने ओवाळून घेतलंस आणि मला हळूच म्हणालास, "सुशे, आता मी चित्रात लाल दिसणार नाही." तुझ्यावर रागावू की रडू हे मला कळेना.

जायच्या दिवशी तू शब्द मागितलास. "महाजन येतील, विचारतील. मला कधी सांगितलं नाहीस. त्यांना सांग. मोठ्याने सांग." मी बरं म्हणाले. बसमध्ये चढणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

आणि मग आकडा चुकला. तू दिवाळी म्हणाला होतास. गणपती बसले होते, ते अजून उठायचे होते, आणि शाळेत फोन आला. मी जळगावच्या दवाखान्यात पोचले तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती आणि आत काही उरलं नव्हतं. भाऊ, मला तुझा राग आला. दुःख नंतर आलं. आधी हेच आलं मनात, की दसरा नाही, दिवाळी नाही, याला स्वतःचासुद्धा आकडा नीट सांगता आला नाही.

परत आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आकडा बोलना तो, तठेच चुकनं." त्या दुष्टपणाने बोलल्या नाहीत, त्या रडत होत्या. पण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू बोललास. मी "सांग" म्हणाले. मी नको म्हटलं असतं तर तू दिवाळी बघितली असतीस का? मी गणिताची बाई आहे, असं काही नसतं हे मला कळतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असते तेव्हा पक्कं कळतं. घरी आल्यावर कळेनासं होतं.

मला धीर द्यायला म्हणून लोक सांगतात की भाऊ वरून बघतोय. त्यांना काय सांगू? वरून काय दिसतं ते तूच मला शिकवलंस. पानं दिसतात, माणसं दिसत नाहीत. तू वर असलास तरी मी तुला दिसत नाही. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि ती कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते आहे.

इथवर लिहून थांबले होते. आज जीप येऊन गेली, ते लिहून संपवते.

कपाशी फुटायला लागली आहे. येत्या आठवड्यात बांधावर दहीभात ठेवून पहिली वेचणी करायची आहे, आणि नेमक्या अशा वेळी आकडा काढायचा. ह्यांनी मला हळूच सुचवलं, "देव देई तितला म्हणून मोकळी हो. महाजनांना काय कळतंय?" ह्यांचंही खोटं नव्हतं. यंदाची कपाशी सगळ्या घराची आहे. ती गेली तर माझ्या शब्दामुळे गेली असंच होणार, आणि या गावात मला पुढची सगळी वर्षं राहायचं आहे.

महाजन जीपमधून उतरले. पांढरी पाटी त्यांनी बगलेत धरली होती, तू रंगवून घेतलेली. एका कोपऱ्यात बिबड्याचा पुसटसा गोल अजून दिसतो. बांबू घेऊन ते चौकोनाकडे निघाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मध्ये मडकं नाही. सासूबाई आमच्या आधीच वावरात जाऊन उभ्या होत्या. मडकं त्यांनी स्वतःच काढलं होतं आणि पोटाशी धरलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

महाजनांनी पेटी धरली. मी बोंडं मोजली, तू फोडायचास तशी काही फोडली, आत बघितलं. पांढरी होती. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा स्वतःचा अंदाज?"

चहा, एवढाच शब्द ओठांवर येत होता. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा माझ्याहून घाबरलेला होता, मडक्यावरची बोटं पांढरी पडली होती. पण त्या म्हणाल्या, "त्याले शब्द दियेल शे ना तू? मंग सांग."

मी आकडा बोलले, भाऊ. मोठ्याने बोलले, शेजारच्या वावरातल्या बायकांनी वळून बघितलं इतक्या मोठ्याने. आता संध्याकाळ झाली आहे. मी पुन्हा जाऊन बघून आले. कपाशी उभी आहे.